कर्करोगाचं औषध कधी थांबवायचं, हे भौतिकशास्त्र सांगू शकतं का?

परीघ: माझ्या मते सांगू शकतं. एक घन सेंटिमीटर गाठीत १० ते १०० कोटी पेशी असतात. दर विभाजनात डीएनएचं एखादं ठरावीक अक्षर चुकण्याची शक्यता साधारण १०० कोटीत एक. म्हणजे औषधाला दाद न देणारी पेशी बहुतेकदा उपचाराआधीच गाठीत असते. पूर्ण मात्रा देऊन बाकीच्या मारल्या, की तिला जागा आणि प्राणवायू मोकळा मिळतो.

फ्लोरिडातल्या मॉफिट कर्करोग केंद्रात रॉबर्ट गेटनबी यांच्या गटाने दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींमधली ही स्पर्धा समीकरणांत मांडली. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते रक्तात मोजता येणारं प्रथिन) मूळच्या निम्म्यावर आलं की अबिराटेरोन हे संप्रेरक रोखणारं औषध बंद, परत मूळ पातळीवर गेलं की सुरू. २०२२ चे आकडे: रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ ३३.५ महिने, सलग औषध घेणाऱ्यांत १४.३. औषधही निम्म्याच्या आसपास लागलं.

तांबडमाती: सहमत नाही. १७ विरुद्ध १६ रुग्ण, आणि गट सोडत काढून पाडलेले नव्हते. शिवाय ज्यांचं पीएसए औषधाने निम्मं झालं तेच या उपचारात घेतले, म्हणजे चांगली दाद देणारेच.

खरी अडचण मापात आहे. प्रोस्टेटचा कर्करोग न्यूरोएंडोक्राइन वळण घेतो, म्हणजे पेशींचा प्रकारच बदलतो, तेव्हा त्या पेशी पीएसए फारसं बनवत नाहीत. आकडा खाली आणि यकृतात गाठी वाढलेल्या, असं होऊ शकतं. आणि गाठ मोठी ठेवलीत तर विभाजनं जास्त, म्हणजे नवी उत्परिवर्तनंही जास्त.

परीघ: शेवटचा मुद्दा मान्य. फायदा कुणाला, हे त्यावरच ठरतं. दाद न देणाऱ्या पेशी आधीच असतील तर स्पर्धा टिकवण्यात लाभ. त्या अजून तयारच व्हायच्या असतील तर गाठ लवकर लहान केलेली बरी. प्रतिरोधाची काही किंमत पेशीला मोजावी लागते, असं सगळे धरून चालतात. पण किंमत शून्य धरूनही मॉडेल लाभ दाखवतं, फक्त गाठीला वाढायला जागा जवळजवळ उरलेली नसावी आणि पेशी मरण्याचा वेग बऱ्यापैकी हवा.

निळाई: भौतिकशास्त्राने आधीही आशा दाखवली होती. स्वादुपिंडाच्या गाठीत आतला दाब इतका, की रक्तवाहिन्या दबतात आणि औषध आत पोचत नाही. पेशींमधल्या जागेत साठलेलं हायलुरोनिक आम्ल विरघळवलं की दाब उतरतो, उंदरांत हे छान जमलं. माणसांत पेगपीएच२० या ते विरघळवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०१९ मध्ये फसली: जगण्याचा मध्यक काळ ११.२ महिने, नुसत्या केमोत ११.५.

तांबडमाती: नेमकं हेच म्हणतोय. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कर्करोगात आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, दोन्ही गोळ्याच, शिरेतून द्यायच्या सिस्प्लॅटिन या केमोसमोर ठेवलं. ४२२ रुग्ण, सोडत काढून, जगण्याचा मध्यक काळ ७.५ विरुद्ध ६.१ महिने. त्यात समीकरण नव्हतं, पण पुरावा पक्का होता. तुमच्या उपचारानेही आधी या कसोटीला उतरावं.

परीघ: ते वेगळं तत्त्व आहे: तिथे कमी मात्रा न थांबता देतात, इथे पूर्ण मात्रा देऊन थांबतात. पण सोडतीची चाचणी हवीच, यावर वाद नाही. तिच्यात पीएसए एकटं नको. दर महिन्याला एकाच प्रयोगशाळेतून पीएसए, तीन महिन्यांनी सीटी आणि हाडांचं स्कॅन, सोबत रक्तातल्या कर्कपेशींवर एआर-व्ही७ची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची खूण असलेल्या प्रथिनाची, तपासणी. स्कॅनवर नवी गाठ दिसली तर पीएसए कितीही खाली असो, नियम तिथेच मोडायचा आणि उपचार बदलायचा.