मांडवावर तवशी (मोठ्या काकड्या) संपेनात, सकाळच्या न्याहारीला काय करू?

कुडाळची सून:
दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून कुडाळजवळ सासरी राहायला आलो. यंदा वेल असा माजलाय की रोज दोन-तीन हातभर लांब तवशी निघतात. शेजाऱ्यांना द्यावी तर त्यांच्याकडेही तीच गत. कोशिंबीर, थालीपीठ करून झालं. परसात हळद, शेवगा आहे, घरचा उकडा तांदूळ आहे, तरी मुलगा पोहेच मागतो. साडेसातला त्याची गाडी येते. सासूबाई म्हणतात धोंडस (तवशाच्या वाफवलेल्या गोड वड्या) कर. प्रमाण विचारलं की, "अंदाजान घाल गो."

वेंगुर्ल्याची माई:
सासूबाईंचं चुकलं नाही. तवशाला पाणी किती सुटेल, कोण सांगणार? तरी दोन वाट्या कीस, वाटीभर तांदळाचा रवा, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ यावर सुरुवात कर. रवा तुपावर भाज. कीस पिळू नकोस आणि वरून पाण्याचा थेंब घालू नकोस, रवा त्या सुटलेल्या पाण्यातच शिजायला हवा. दहा मिनिटांनी घट्ट वाटलं तर मूठभर कीस आणखी. डब्यात हळदीचं पान घालून अर्धा तास वाफव. रात्रीच करून ठेव, सकाळी वड्या तुपावर परतल्या की झालं. जून, पिवळं पडलेलं तवसं घे.
आणि किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाख! मी एकदा घाईत चाखला नाही. अख्खा डबा कडूजार, गोठ्यात गेला.

बिडाचा तवा:
गोड न्याहारी आपल्याला नाही जमत. त्याच किसात तांदळाचं पीठ, मिरची, मीठ कालवा आणि घावनं घाला. तव्याला अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं. पहिलं मोडणारच, ते घालणाऱ्याने उभ्याउभ्या खायचं.

पेजवाला:
घरचा उकडा तांदूळ असून पेजेचं नाव कोणी काढत नाही म्हणजे कमाल झाली. रात्री तांदूळ भिजवा, सकाळी कुकरला लावा. सोबत शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी. आमच्याकडे गोकुळाष्टमीला ती आंबोळ्यांबरोबर लागतेच, पण एरवी कोणी अडवलंय? पाला निवडायचा कंटाळा असेल तर फांद्या रात्री फडक्यात गच्च गुंडाळून ठेवा. सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळतात.

कुडाळची सून:
माई, काल धोंडस केलं. मला किंचित चिकट वाटलं, रवा बहुतेक कमी भाजला गेला. मुलाने विचारलं, "केक आहे का?" मी हो म्हटलं. दोन वड्या खाऊन गाडीत बसला. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गूळ कमी."
फडक्याची युक्ती आज रात्री करून बघते. सकाळी दार उघडलं तर पायरीवर चार तवशी होती. आमची नव्हेत.