साखर न घातलेला मोसंबीचा ज्यूस आणि वजन

‘मोसंबीचा ज्यूस पितो, वरून साखर घालत नाही, तरी वजन हलत नाही’ असं एकाने विचारलंय. साखर फळातच असते हो! २५० मिली ग्लासाला तीन-चार मोसंबी लागतात, म्हणजे साधारण २० ग्रॅम साखर आणि शंभरेक कॅलरी. चोथा गाळणीत राहतो, त्यामुळे पोट भरत नाही आणि तासाभरात वडापाव आठवतो. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेसोबतच मोजते.

वाशीच्या घाऊक फळबाजारातून मोसंबीची पेटी आणलीच असेल, तर एक मोसंबी सोलून फोडी चावून खा. ज्यूस हवाच असेल तर १०० मिली, न गाळता, नाश्त्याऐवजी नव्हे. स्टॉलवर नुसतं ‘साखर नको’ पुरत नाही. पाकही नको, हे मिक्सर फिरायच्या आधी सांगा.