लकव्याचा तिसरा दिवस: हात येईल का, चालणं कधी?

प्रश्न (वॉर्ड फिजिओ)
रुग्ण ६४ वर्षांचे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे उजवी बाजू गेली आहे, आज तिसरा दिवस. सांगितलेलं कळतं. एनआयएचएसएस (लकव्याच्या तीव्रतेचे गुण; जास्त म्हणजे गंभीर) ११. उजव्या खांद्याची ताकद ० (हालचालच नाही), बोटांची ०. खाटेच्या कडेला हात टेकून बसतात. घरच्यांना काय सांगावं?

न्यूरोफिजिओ
हात आणि चालणं यांचा अंदाज वेगवेगळा सांगा. खांदा बाजूला उचलणं आणि बोटं सरळ करणं, प्रत्येकी ० ते ५ ग्रेड, ही बेरीज म्हणजे सेफ स्कोर. ७२ तासांत या दोन्ही हालचाली थोड्या जरी असल्या, तर सहा महिन्यांत हाताला काही तरी कौशल्य येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही नसतील तर २५, आणि नवव्या दिवशीही नसतील तर १४. म्हणजे आज दार बंद झालेलं नाही, नवव्या दिवशी पुन्हा तपासा.

तपासताना दोन चुका होतात. रुग्ण धड झुकवून किंवा खांदा वर ओढून हात हलवतो, ते खांद्याच्या ग्रेडमध्ये धरू नका. मूठ सैल सोडल्यावर बोटं आपोआप उघडतात, तेही नाही. मनगटाला आधार देऊन मगच बोटं बघा.

प्रश्नकर्ता
ऑकलंडच्या प्रेप-२ मध्ये (हाताचा अंदाज बांधण्याची पायऱ्यांची पद्धत) पुढे टीएमएस लागतं, म्हणजे डोक्यावरून चुंबकीय झटका देऊन मेंदूचा सिग्नल हातापर्यंत पोहोचतो का ते बघणं. ते इथे नाही.

न्यूरोफिजिओ
सेफ ५ च्या खाली असेल तेव्हाच लागतं. सिग्नल मिळाला तर सेफ ० असूनही तीन महिन्यांचा अंदाज 'चांगला' येतो. मिळाला नाही आणि एनआयएचएसएस ७ किंवा जास्त, तर 'खराब'. म्हणूनच टीएमएसशिवाय आज ठाम नकार देणं चुकीचं. तसंही प्रेप-२ चारपैकी साधारण तीनच रुग्णांत बरोबर ठरतं.

पुनर्वसन डॉक्टर
चालण्यासाठी एक आठवडा थांबा, मग २०२२ ची ट्विस्ट ही चालण्याचा अंदाज देणारी गुणपद्धत वापरा: वय ८० च्या आत असेल तर १ गुण, गुडघा सरळ करण्याची ताकद ३ किंवा वर असेल तर १, बर्ग बॅलन्स (तोल तपासण्याची चाचणी) ६ ते १५ ला १, १६ पासून पुढे २. बेरीज जितकी जास्त, तितकं आधाराशिवाय चालणं लवकर.

तोवर लुळा हात धरून कुणीही रुग्णाला ओढू नये. खांदा निखळायला लागला की दुखतो, आणि मग पुढे बोटं हलू लागली तरी व्यायाम अडतो. बसताना हाताखाली उशी द्या. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नको. न्यूमोनिया झाला तर अंदाज मागे पडतात.