हर्नियात कातडीची चीर: ब्लेड की कॉटरी?

सर्जरी रेसिडेंट, नाशिक
लिक्टेनस्टाइन रिपेअरला (जांघेच्या हर्नियावर जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला) आमच्या युनिटमध्ये कातडी १५ नंबरच्या ब्लेडने उघडतात आणि चरबीपासून पुढे कॉटरी (विजेच्या करंटने कापणारं उपकरण) वापरतात. दुसऱ्या युनिटमध्ये कातडीसुद्धा कॉटरीनेच. कॉटरीने कडा भाजतात, टाके पिकतात, व्रण जाड होतो असं सीनियर सांगतात. यात तथ्य किती? निफाड-दिंडोरीकडचे पेशंट द्राक्षबागेच्या गोडी छाटणीच्या आधी मोकळं व्हायला बघतात, त्यामुळे जखम चिघळलेली परवडत नाही.

जनरल सर्जन, पंचवटी
आधी कॉटरीचा मोड कोणता ते बघा, सगळा गोंधळ तिथेच होतो. प्युअर कटमध्ये करंट अखंड वाहतो, पेशीतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि उष्णता आजूबाजूला फार पसरत नाही. कोॲगमध्ये (रक्त गोठवण्याच्या मोडमध्ये) करंट तुटक, व्होल्टेज जास्त. पेशी वाळून करपते. कोॲगवर कातडी कापली तर सीनियर म्हणतात तसंच होतं.

प्युअर कट आणि ब्लेड यांची तुलना करणाऱ्या बऱ्याच रँडमाइज्ड ट्रायल्स झाल्या आहेत. त्या एकत्र केल्या तर जखमेच्या इन्फेक्शनमध्ये ठळक फरक दिसत नाही, व्रणही सारखाच. कॉटरीत रक्त थोडं कमी जातं, सुरुवातीचं दुखणंही काही अभ्यासांत कमी आहे. पण ५-६ सेंमी चिरीत मुळात रक्त जातंच किती? ब्लेडवर हात बसला असेल तर केवळ यासाठी पद्धत बदलू नका.

सर्जन, नाशिकरोड
सरांशी सहमत. आता हाताचं काम.

खूण कातडी ताणण्याआधी करा: प्युबिक ट्युबरकलपासून (जांघेतल्या हाडाच्या उंचवट्यापासून) बाहेरच्या बाजूला, इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या अस्थिबंधाच्या) साधारण २ सेंमी वर. कातडीच्या घडीला धरून जरा आडवी घेतली की व्रण लपतो. केस वस्तऱ्याने काढू नका, क्लिपर वापरा. कातडीला लावलेलं स्पिरिटयुक्त जंतुनाशक (प्रेप) पूर्ण वाळू द्या, किमान ३ मिनिटं. केसांत किंवा जांघेच्या घडीत ओल राहिली तर ठिणगीने पेट घेते. कॉटरी वापरणाऱ्याने हे कधीच विसरू नये.

कॉटरीची टिप सुईसारखी बारीक हवी. असिस्टंटने दोन्हीकडून सारखा ताण द्यायचा, कमी वॅटवर सुरू करून टिप अडखळली तरच वाढवायचं, आणि डर्मिस (कातडीचा आतला थर) एकाच गतीने पार करायची. हात जिथे थांबतो तिथे भाजतं. टिपेवरची खपली ओल्या गॉजने पुसत राहा, नाहीतर ती कापत नाही, नुसती चटके देते.

खरा रक्तस्राव कातडीतून नसतोच. कँपर फॅशियात (कातडीखालच्या चरबीच्या थरात) सुपरफिशियल एपिगॅस्ट्रिक शीर आडवी येते. ती अर्धवट कापली की आत ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी जांघेत निळी गाठ दिसते. दोन क्लॅम्पमध्ये धरून बांधा.

भूलतज्ज्ञ, कॉलेज रोड
लोकल भुलीखाली करत असाल तर डर्मिसमध्ये औषध नीट भरा, नाहीतर कॉटरी लागताच पेशंट दचकतो. लिग्नोकेनची (या भुलीच्या औषधाची) मर्यादा साधी ४.५, ॲड्रेनॅलिनसह ७ मिग्रॅ प्रतिकिलो. ॲड्रेनॅलिनने शिरा आकसतात. कोरडं दिसलं म्हणून सोडू नका, असर उतरल्यावर रक्त सुटतं. पेसमेकर असेल तर कातडी ब्लेडने आणि पुढे शक्यतो बायपोलर (करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहणारी कॉटरी). एरवी करंट परत नेणारी प्लेट मांडीच्या मांसल भागावर, पूर्ण चिकटलेली.

सर्जरी रेसिडेंट, नाशिक
आभार, सर, मॅडम. चुकून कोॲग लागलाच आणि कडा पांढऱ्या पडल्या तर?

सर्जन, नाशिकरोड
तेवढी कड ब्लेडने १ मिमी छाटा, रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. शिवताना स्कार्पा (चरबीखालचा पडदा) ३-० व्हिक्रिलने, कातडी ३-० मोनोक्रिलने सबक्युटिक्युलर (कातडीच्या आतून); दोन्ही धागे आपोआप विरघळतात. टाके काढायचे राहत नाहीत, म्हणजे बागेतल्या माणसाची त्यासाठीची एक खेप वाचते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम एकदा डोळ्यांनी बघाच.