दमणच्या नमो पथावर आईला चालायला आणि मुलाला सायकलला एकदमच न्यावं का?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दमणला जायचं म्हणतोय, बडोद्याहून वापीपर्यंत ट्रेन आणि पुढे रिक्षा. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात पण सपाट असलं की दीड-दोन किलोमीटर आरामात चालते, आणि लेक १० वर्षांचा, तो सायकलवरून उतरत नाही. काळजी अशी की मागे आमच्या गल्लीत एका पोराने सायकल इतक्या जवळून काढली की आईचा पदर हँडलला अडकला, पडली नाही पण तेव्हापासून मागे चाकाचा आवाज आला की जागच्या जागी थांबते. देवक्याला, म्हणजे दमणच्या ज्या किनाऱ्यावर नमो पथ आहे तिथे, चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर असतात असं ऐकलंय. तिला समुद्र दाखवायचाच आहे, लग्नानंतर एकदाच वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावर गेली होती. दोघांना एकत्र नेऊ की वेगळं?

रावपुऱ्याची काकू
एकत्रच न्या हो, आजीला नातू सायकल चालवताना दिसायला नको का. फक्त शनिवार-रविवार टाळा, अख्ख्या गुजरातची गर्दी तिथे उतरते. सकाळी लवकर जा. ५.४५ किमीचा पथ आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये झाला, तो सगळा चालायचा हट्ट नको, थोडं चाला, बसा, परत फिरा. आणि एक, माणसं चालताना नकळत पाण्याकडे सरकतात, सगळ्यांची नजर तिकडेच असते ना, म्हणून आईंना आधीपासूनच समुद्राच्या कडेने चालवा, तुम्ही त्यांच्या दुसऱ्या हाताला राहा म्हणजे सायकली तुमच्या बाजूने जातील. लेकाला सांगा घंटी दहा-पंधरा पावलं आधीच वाजवायची, अगदी पाठीशी येऊन वाजवली की म्हातारं माणूस दचकून वळतं आणि नेमकं सायकलच्या पुढ्यातच येतं.

सायकल_वाडी
काकूंचं बरोबर आहे पण घंटीवर सगळं सोडू नका, ऐकायला कमी येणारे असतात, इअरफोनवाले असतात. मी माझ्या मुलीला एकच शिकवलंय, पुढे माणूस दिसला की त्याच्या चालीने चालवायचं आणि जागा मिळाली की लांबून जायचं, गर्दी असली तर सरळ उतरून सायकल हातात धरायची. रस्ता हिंडायचा आहे, रेसचा नाही. भाड्याची सायकल घेतलीत तर आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि सीट त्याच्या उंचीची करून घ्या. वाटेवर वाळू पसरलेली असते तिथे वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकतं, माझ्या मुलीचं ढोपर तसंच फुटलं. घरची नेलीत तर परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल द्या, खारी हवा चेन खाते.

अलिबागची_माहेरवाशीण
पौर्णिमेला जाऊ नका!! आमच्याकडे हिशोब असा, तिथीची पाऊण पट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे १५, म्हणजे सव्वाअकरा, दमणला त्याहून थोडी उशिरा. म्हणजे तुम्ही सकाळी आणि संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा नेमकी ओहोटी, आणि उधाणाची ओहोटी म्हणजे पाणी पार लांब, समोर नुसते काळे खडक आणि चिखल. आई एवढ्या लांबून येणार आणि समुद्र दिसणार नाही. अष्टमी धरा, आठाची पाऊण पट म्हणजे सहा, सकाळी सहा-सातला पाणी भरलेलं आणि संध्याकाळी पुन्हा. भांगाची भरती असते, उधाणाइतकं चढत नाही पण लाटांचा आवाज येतो. मुलाला मात्र खाली पाण्यात सोडू नका, देवक्याला खडक आहेत, बुळबुळीत.

दांडियाबाजारकर
ताई, तिथीचं कुणीच सांगितलं नव्हतं, फार बरं झालं. आईला वाचून दाखवलं तर तिने लगेच कालनिर्णय काढलं, वद्य अष्टमी आणि वार बघितला, शनि-रवि नाहीये. लेकाकडून आजपासून सोसायटीत आजीच्या मागून सायकल नेण्याची प्रॅक्टिस चालू केलीय. तिसऱ्या फेरीला ती थांबली नाही, चालतच राहिली.