लग्नाचे चार ठिकाणचे फोटो वेळेच्या क्रमाने लावायचे आहेत, तारखा जुळत नाहीत

नगरी_चहा

घरच्या लग्नाचे फोटो एका जागी गोळा करतोय. फोटोग्राफरच्या दोन कॅमेऱ्यांचे पेनड्राइव्हवर मिळाले, माझ्या अँड्रॉइड फोनमधले आहेत, दुबईहून आलेल्या मावसभावाच्या आयफोनमधले घ्यायचे आहेत आणि उरलेले व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. सगळं मिळून साधारण ३,२०० फायली, ५८ जीबी. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे.

एका फोल्डरमध्ये टाकून तारखेने लावले तर शनिवारच्या हळदीच्या मधोमध रविवारी सकाळचा गौरीहार येतो. व्हॉट्सॲपचे फोटो तर सगळ्यात शेवटी, भलत्याच दिवशी. आयफोनमधून कॉपी करताना शंभरेक फोटो आले की ‘जोडलेलं उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येऊन थांबतं. जे आले त्यातले काही ‘एचईआयसी’ (आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार) आहेत, ते उघडत नाहीत.

काही फोटो निवडून राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये ‘डेट टेकन’ बदलावी का? की याला वेगळं काही लागतं?

तळघर

डिटेल्समधून बदलायचं तिथेच थांबा. त्या खिडकीतला रकाना निवडलेल्या सगळ्या फोटोंवर एकच तारीख लिहितो, प्रत्येकाची वेळ सारख्या अंतराने पुढे-मागे सरकवत नाही. ४०० फोटो निवडून तारीख घातली की त्यांचा आपसातला क्रमही जाण्याची भीती. एखाद-दुसऱ्या स्कॅन केलेल्या जुन्या फोटोला ती सोय ठीक आहे, इथे नाही.

आधी हे नीट पाहा की तुम्ही कोणत्या तारखेने लावताय. एका फोटोला निदान तीन तारखा असतात. ‘डेट टेकन’ फोटोच्या पोटात, एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) असते. ती कॅमेऱ्याने शटर दाबतानाच लिहिलेली. ‘डेट मॉडिफाइड’ आणि ‘डेट क्रिएटेड’ या फाइलच्या तारखा, त्या विंडोज सांभाळतं. कॉपी केली की ‘क्रिएटेड’ आजची होते, ‘मॉडिफाइड’ बहुतेक वेळा जुनीच राहते. म्हणून फाइल ‘बनायच्या आधीच बदललेली’ दिसते, त्यात बिघाड काही नाही. फोल्डरच्या डिटेल्स दृश्यात स्तंभाच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘डेट टेकन’ आणा आणि त्यानेच लावा. नुसता ‘डेट’ नावाचा जो स्तंभ असतो, तो एक्झिफ नसेल तिथे फाइलची तारीख उचलतो आणि गोंधळ झाकून ठेवतो. ‘डेट टेकन’ रिकामी असलेले फोटो वेगळे दिसले पाहिजेत, कारण त्यांचा उपाय वेगळा आहे.

आणि जे एकत्र टाकलेत ते पुन्हा वेगळे करा. कॅमेरा १, कॅमेरा २, माझा फोन, आयफोन, व्हॉट्सॲप असे पाच फोल्डर. घड्याळाची चूक यंत्रागणिक वेगळी असते, फोटो मिसळले की ती पकडताना नाकी नऊ येतात. फोल्डर वेगळे झाले की अख्खी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पुढे जे काही करायचं ते लॅपटॉपवरच्या प्रतीवर.

अंतरपाट_११

वरच्या प्रतिसादाला धरून पुढचं. गौरीहार हळदीत घुसलाय म्हणजे एका कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर १२ तास मागे असण्याची दाट शक्यता आहे. घड्याळ लावताना एएम-पीएम उलटं झालं की असंच होतं. रविवारी सकाळी ७ चा फोटो शनिवारी संध्याकाळी ७ चा म्हणून नोंदला जातो, आणि त्या कॅमेऱ्याची तारीख भर दुपारी १२ ला बदलते. त्यामुळे ‘रविवारचे निवडून दुरुस्त करू’ असं केलं तर अर्धेच दुरुस्त होतील. अख्खा फोल्डर एकाच मापाने सरकवायला हवा.

माप कसं काढायचं? मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण शोधा. त्या क्षणी एकही कॅमेरा खाली नसतो. प्रत्येक फोल्डरमधला तो फोटो उघडा, प्रॉपर्टीजमध्ये वेळ बघा आणि तुमच्या फोनच्या फोटोशी ताडा. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून तोच प्रमाण धरायचा. प्रॉपर्टीजमध्ये सेकंद दिसत नाहीत. ते बघायला एक्सएनव्ह्यू एमपी हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे, पुढच्या कामालाही तेच लागेल.

समजा फोनवर १२:३८:४० आहे. कॅमेरा १ वर १२:४१:१० दिसलं तर तो अडीच मिनिटं पुढे, म्हणजे २ मिनिटं ३० सेकंद वजा करायचे. कॅमेरा २ वर त्याच तारखेला ००:३९:०५ दिसलं तर तो ११ तास ५९ मिनिटं ३५ सेकंद मागे, तेवढे मिळवायचे. १२ तासांतले ते २५ सेकंद सोडू नका, सप्तपदीत दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाआड एक लागतात तिथे ते जाणवतात. हार घालतानाच्या दुसऱ्या एका फोटोवर माप पडताळून पाहा.

फरकाच्या आकड्यावरून कारणही कळतं. नेमका १२ तास असेल तर एएम-पीएम. १ तास ३० मिनिटं मागे असेल तर कॅमेरा दुबईच्या वेळेवर राहिलाय. ५ तास ३० मिनिटांचा फरक म्हणजे कुठेतरी लंडनची हिवाळ्यातली वेळ किंवा यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) आहे. दिवसच्या दिवस चुकले असतील, तारीख कुठल्या तरी वर्षाची १ जानेवारी असेल, तर बॅटरी बराच काळ बाहेर राहून कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ शून्यावर आलं होतं.

सरकवायचं काम एक्सएनव्ह्यू एमपीमध्ये: फोल्डरमधले सगळे फोटो निवडा, टूल्समध्ये ‘चेंज टाइमस्टॅम्प’, तिथे नवी तारीख न घालता फरकाने सरकवायचा पर्याय घ्या. एक्झिफमधल्या तारखांवर खूण हवी, नुसत्या फाइलच्या तारखेवर नको. डिजिकॅम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच ‘आयटम’ मेन्यूत ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’. आधी पाच फोटोंवर करून बघा. यात चित्राला धक्का लागत नाही, फक्त माहितीचा भाग बदलतो, त्यामुळे जेपेग पुन्हा दाबली जाऊन दर्जा घसरेल ही भीती नको. फोटोग्राफरने रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फायलीही दिल्या असतील तर त्या आणि जेपेग एकाच मापाने सरकवा.

सफरचंद_नको

आयफोनचं सांगतो. कॉपी मध्येच तुटते कारण फोन एचईआयसी फोटो पाठवता पाठवता जेपेगमध्ये बदलत असतो आणि त्यात अडकतो. सेटिंग्ज, ॲप्स, फोटोज (आयओएस १७ पर्यंत थेट सेटिंग्जमध्येच फोटोज), अगदी तळाशी ‘ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी’. तिथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ करा, केबल काढून पुन्हा लावा. कॉपी होईपर्यंत फोन अनलॉक ठेवा.

मावसभावाने आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ लावलं असेल तर बरेच मूळ फोटो फोनमध्ये नसू शकतात, केबलने ते दिसणारच नाहीत. तेव्हा आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि उतरवताना बदल न केलेल्या मूळ प्रतीचा पर्याय घ्या.

एचईआयसी उघडायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘हीफ इमेज एक्स्टेन्शन्स’, फुकट. त्यानेही उघडलं नाही तर ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ लागतं, त्याला थोडे पैसे पडतात. ते टाळायचं असेल तर वर सांगितलेल्या एक्सएनव्ह्यूमधूनच जेपेगमध्ये बदला, दर्जा ९० च्या वर आणि मेटाडेटा (तारीख-वेळेची ती माहिती) राखायची खूण केलेली. ती खूण करायची राहिली तर फोटोतली वेळ गेली, आणि मग एवढ्या उठाठेवीला अर्थ नाही.

तळघर

व्हॉट्सॲपबद्दल मात्र फार आशा धरू नका. साध्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यातलं एक्झिफ जातं आणि चित्रही लहान होतं. काढल्याची वेळ त्या फाइलमध्ये उरतच नाही, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. अँड्रॉइडवर नाव ‘आयएमजी-२०२४०२१८-डब्ल्यूए००४२’ अशा घाटाचं असतं. त्यातली तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आला त्या दिवसाची, आणि शेवटचे चार आकडे त्या दिवसातला अनुक्रमांक. वेळेशी त्यांचा संबंध नाही. काकूंनी मंगळवारी पाठवलेला रविवारचा फोटो मंगळवारचाच दिसणार.

चांगले वाटणारे फोटो ज्यांनी काढले त्यांच्याकडून पुन्हा मागवा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून. पेपरक्लिपच्या खुणेतून गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडायचं, मग फाइल जशीच्या तशी येते, २ जीबीपर्यंत. ‘एचडी’ निवडलं तर चित्र मोठं येतं, पण तेही दाबलेलंच. बाकीच्यांसाठी ‘इतर’ नावाचा फोल्डर करून मोकळे व्हा.

लग्नाच्या दिवशीच ग्रुपवर आलेल्या फोटोंना निदान तारीख देता येईल. एक्झिफटूल (एक्झिफ बदलायचं सॉफ्टवेअर) फायलीच्या नावातून तारीख उचलतं, पण एक खोच आहे: ते नावातले सगळे आकडे ओळीने वाचतं. त्यामुळे डब्ल्यूएनंतरचा ००४२ हा ‘रात्रीचे १२ वाजून ४२ मिनिटं’ होतो. ००७५ असेल तर ७५ मिनिटं, आणि तिथे तक्रार येते. म्हणून डब्ल्यूएपासून पुढचं गाळायचं आणि वेळ स्वतः लिहून द्यायची. २३:५९:०० दिली तर ते त्या दिवसाच्या तळाशी एकत्र बसतात, मधेमधे लुडबुडत नाहीत. एक्झिफटूल प्रत्येक मूळ फाइल ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून शेजारी ठेवतं, तेवढी जागा डिस्कवर असू द्या.

पाचशे_बारा

यात व्हिडिओंचा विषय कुणी काढला नाही. एमपी४ फाइलमध्ये वेळ यूटीसीत लिहायची असा नियम आहे, आणि विंडोज ‘मीडिया क्रिएटेड’ दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. फोन हा नियम पाळतात. बरेच कॅमेरे पाळत नाहीत, स्थानिक वेळच लिहून टाकतात. मग सकाळी १० चा व्हिडिओ दुपारी साडेतीनचा दिसतो. कॅमेऱ्याचे फोटो जुळले आणि व्हिडिओ तेवढेच ५:३० पुढे राहिले तर हेच कारण, व्हिडिओंना वेगळं माप लावा.

नावाबद्दलही. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ झाले की पुन्हा १ पासून सुरू होतात, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की ‘डीएससी०१२३४’ दोन्हीकडे सापडतो. एकत्र करताना विंडोजने ‘रिप्लेस’ विचारलं आणि दाबलं की एक फोटो कायमचा गेला, रिसायकल बिनमध्येही येत नाही. म्हणून घड्याळं दुरुस्त झाल्यावर, एकत्र करायच्या आधी, नावं बदला: वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, मग यंत्राची खूण, मग जुना क्रमांक. ‘२०२४-०२-१८_१२३८४०_कॅम२_०१२३४’. याच उतरंडीने लिहिलं तर नावाने लावलं तरी वेळेचाच क्रम येतो. जुना क्रमांक ठेवायचा कारण एका सेकंदात पाच-सहा फोटो निघतात. प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा, टीव्ही आणि जुन्या गाड्यांचे डेक देवनागरी नावं नीट वाचत नाहीत.

गूगल फोटोजच्या वेबवर अनेक फोटो निवडून वेळ सरकवायची सोय आहे, ती सोपी म्हणून कुणीतरी सुचवेलच. पण तो बदल गूगलच्या नोंदीत राहतो. फोटो परत उतरवला की फाइलमध्ये जुनीच वेळ असते.

नगरी_चहा

कॅमेरा २ चा फरक ११:५९:३५ नाही, ११:५७:५० निघाला, पण सरकवल्यावर गौरीहार जागेवर आला. आयफोनही ‘कीप ओरिजिनल्स’ने पूर्ण उतरला. नावं बदलून एकत्र केले.

आता नातेवाइकांना ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर द्यायचंय. फोटो गेले, पण लग्नविधीचा ६.२ जीबीचा एकच व्हिडिओ आहे, तो ‘फाइल फार मोठी’ म्हणतो. जागा तर शिल्लक दाखवतंय.

पाचशे_बारा

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलात तर बसेल (आधी आतलं उतरवून ठेवा, सगळं पुसलं जातं), पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत आणि आजी-आजोबांकडे नेमका तोच टीव्ही असतो. म्हणून वाटायच्या पेनड्राइव्हला फॅट३२ राहू द्या आणि व्हिडिओचे दोन भाग करा. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पुन्हा एन्कोड न करता कापतं, त्यामुळे काही मिनिटांत होतं आणि दर्जा तोच राहतो. मात्र काप की-फ्रेमवर (व्हिडिओत मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर) पडतो, सांगितलेल्या जागेपासून एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे. तेव्हा मंत्र चालू असताना कापू नका, दोन विधींच्या मधली रिकामी जागा बघा.

काही टीव्ही नावाने न लावता पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी झालं त्याच क्रमाने दाखवतात. तसा निघाला तर पेनड्राइव्ह रिकामा करून फोटो नावाने लावलेल्या फोल्डरमधून एकेका दिवसाचे, क्रमाने कॉपी करा. पहिला फोटो निवडून शिफ्ट दाबून शेवटचा निवडा आणि ओढताना पहिल्याच फोटोला धरा. मधला धरलात तर कॉपी तिथून सुरू होऊ शकते.