मदत हवी आहे: तीन ऑफिसं, एक इमारत, ड्रॉइंगचा मेळ बसेना

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत तळमजला अधिक तीन मजल्यांचं रुग्णालय आहे. मुख्य डिझाइन पुण्याकडे, इंटिरिअर कोल्हापूरकडे, परवानगीची ड्रॉइंग आणि साइट आमच्याकडे. स्ट्रक्चरल डिझाइन (कॉलम, बीम, पाया) हुबळीहून येतं. प्लिंथ (जोतं) पावसाआधी हवी. एकाच मजल्याच्या तीन फाइली फिरताहेत, एकमेकींवर बसत नाहीत. एका फाइलीत कॉलमची एक अख्खी ओळ ११५ मिमी सरकलीय. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
११५ म्हणजे २३० च्या भिंतीचा निम्मा. एकाने ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेषा) भिंतीच्या मध्यावर धरली, दुसऱ्याने बाहेरच्या कडेवर. आधी हे लेखी ठरवा. ग्रिडची फाइल एकाच ऑफिसकडे (पुण्याकडेच असू द्या), ए आणि १ या रेषा छेदतात तिथे ०,० आणि युनिट मिमी. बाकीच्यांनी ती एक्सरेफ म्हणून जोडायची (म्हणजे मूळ फाइल बदलली की त्यांच्याकडेही बदलते). कॉपी-पेस्ट केली की जुनी ग्रिड कायमची चिकटते. सर्व्हेयरची फाइल यूटीएम (नकाशाचे जागतिक सहनिर्देशक) झोन ४३ मध्ये, मीटरमध्ये असेल तर ती ग्रिडवर आणून बसवा, ग्रिड तिच्याकडे नेऊ नका.

लेव्हलचंही तसंच. ±०.०० हा फरशीचा माथा की स्लॅबचा? यात ५०-७५ मिमी सहज जातात आणि जिन्याची शेवटची पायरी फसते.

प्रतिसाद २
वेळापत्रक ३१ मेपासून उलटं मांडा. खुदाई ते प्लिंथ बीम दहा आठवडे, म्हणजे २२ मार्चच्या सुमाराला खुदाई. फाउंडेशनची जीएफसी (बांधकामासाठी अंतिम) ड्रॉइंग १ मार्चला साइटवर. हुबळीला चार आठवडे द्या, म्हणजे ग्रिड जानेवारीअखेर बंद, त्यानंतर बदल नाही. एप्रिल-मेच्या वळवासाठी दहा दिवस हाताशी हवेत, तेवढी खुदाई अलीकडे ओढा.

ग्रिड बंद करण्याआधी लिफ्टवाला नक्की करा. पिट दीड मीटरच्या आसपास असतो आणि तिथलं फुटिंग (कॉलमचा पाया) खाली जातं. लिफ्ट नंतर बदलली तर शेजारचे कॉलमही पुन्हा काढावे लागतात. टाकीची जागाही आत्ताच सांगा, २०,००० लिटर म्हणजे नुसतं पाणीच २० टन.

प्रश्नकर्ता
आणि कोल्हापूरवाल्यांना कधी घ्यायचं? ते म्हणतात, सीलिंग नंतर बघू.

प्रतिसाद २
नंतर नको हो! मजल्याची उंची ३६०० मिमी, स्लॅबसकट बीम ६००, डक्ट ४००, दिवे आणि सीलिंगची फ्रेम १५०. खाली उरले २४५०. बीममधून स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी आधीच ठेवलेली नळी) न्यायची असेल तर तिची जागा हुबळीला स्लॅबचं ड्रॉइंग निघण्याआधी कळायला हवी. नंतर साइटवर कोअर कटिंग (काँक्रीटला मशीनने भोक पाडणं) होतं आणि नेमकी सळईच कापली जाते.